मॅच आजची, भांडण १६९० चं

परत सेल्टिक-रेंजर्स, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे दोन फुटबॉल क्लब: सेल्टिक आयरिश कॅथलिकांचा, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा. परत डोक्याला ताप!

नुसती मॅच असती तर कोणाची हरकत होती? पण ग्लासगोत ती कधी नुसती मॅच नसतेच. एकीकडे आयरिश तिरंगे, दुसरीकडे युनियन जॅक, आणि गळ्याच्या शिरा ताणून पोपच्या नावाने शिव्या नि बॉयनच्या लढाईचा जयघोष. प्रोटेस्टंट राजाने कॅथलिक राजाला हरवलं ती ही लढाई, १६९० ची! आपले राजाराम महाराज तेव्हा जिंजीला होते. बोंबलणाऱ्यांतले किती जण चर्चची पायरी चढतात, देव जाणे.

सेल्टिक निघाला १८८७ साली, तो गरीब आयरिश पोरांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून. आणि रेंजर्सने १९८९ मध्ये मो जॉन्स्टन हा कॅथलिक खेळाडू घेतला, तर त्यांच्याच काही समर्थकांनी स्कार्फ जाळले. गोल मारणारा पाय कुठल्या पंथाचा, हे बघणार! मॅचमधल्या असल्या द्वेषाविरुद्ध २०१२ मध्ये कायदा आणला, २०१८ मध्ये गुंडाळला. झालं.

आणि आम्ही काय करायचं? हिरवा, म्हणजे सेल्टिकच्या रंगाचा, स्वेटर घातला की बसस्टॉपवर कोणीतरी टक लावून बघणार. शाळेवरून पंथ ओळखता येतो, म्हणून टॅक्सीवाला गोड आवाजात चौकशी करणार, "शाळा कुठली तुमची?" अहो, दादरची! पबच्या दारावर पाटी, फुटबॉलचे शर्ट घालून आत यायचं नाही.

लोकांनी फार ढोसू नये म्हणून मॅच दुपारी बारा-साडेबाराला ठेवतात. तर हे पठ्ठे सकाळी नऊलाच बाटल्या उघडून तयार!