सान कार्लिनो : बरोक म्हणजे नुसता सोन्याचा मुलामा नव्हे

बरोक म्हणजे सतराव्या शतकात युरोपात बहरलेली बांधकामाची शैली. बरोक चर्च म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जुनं गोवं येतं. बॉम जिझसची ती सोनेरी वेदी, पिळदार खांब, देवदूतांची गर्दी. मग आपण सहज बोलून जातो, "बरोक म्हणजे सगळा भपका." मला हे मत अजिबात पटत नाही. का पटत नाही, हे सांगायला मला रोममधलं एक एवढंसं चर्च पुरेसं आहे.

सान कार्लो आल्ले क्वात्त्रो फोंताने. रोमकर लाडाने त्याला सान कार्लिनो म्हणतात. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स या भल्यामोठ्या चर्चचा घुमट ज्या चार अवाढव्य खांबांनी तोलून धरलाय, त्यांतल्या एका खांबात हे अख्खं चर्च मावेल असं सांगतात. क्विरिनाल टेकडीवर दोन सरळसोट रस्ते एकमेकांना छेदतात, त्या चौकाच्या चारही कोपऱ्यांवर सोळाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेली कारंजी आहेत. त्यांतल्या एका कारंज्याच्या पाठीला हे चर्च चिकटलेलं आहे. म्हणजे जागा आधीच चिंचोळी, त्यात कोपरा छाटलेला.

जागा होती ट्रिनिटेरियन पंथाच्या अनवाणी भिक्षूंची. हे स्पेनहून आलेले. मुसलमान सत्तांच्या कैदेत गुलाम म्हणून पडलेल्या ख्रिस्ती लोकांना पैसे भरून सोडवून आणायचं, या कामासाठी बाराव्या शतकाच्या शेवटी हा पंथ निघाला. संगमरवर आणि सोन्यावर उधळायला त्यांच्याकडे पैसा नव्हता. 1634 मध्ये त्यांनी मठ आणि चर्च बांधायचं काम फ्रान्चेस्को बोरोमिनी नावाच्या माणसाला दिलं.

बोरोमिनी तेव्हा पस्तिशीला टेकला होता, आणि स्वतःच्या नावावर एकही इमारत नव्हती. 1599 साली लुगानो तलावाकाठच्या बिस्सोने गावात जन्मलेला हा माणूस मुळात दगड घडवणारा. मिलानमध्ये हात तयार झाला, मग रोमला येऊन नात्यातल्या कार्लो मादेर्नोच्या, सेंट पीटर्सच्या मुख्य वास्तुकाराच्या, हाताखाली तिथल्या बांधकामावर लागला. 1629 मध्ये मादेर्नो वारला आणि त्याच्या जागेवर बर्निनी हा नावाजलेला शिल्पकार आला. बोरोमिनीपेक्षा फक्त वर्षाने मोठा, बोलका, दरबारात वजन असलेला. बोरोमिनीने काही वर्षं त्याच्यासाठी नकाशे काढले आणि मग तो बाहेर पडला. अशा माणसाला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते हे. त्याने या कामाचं मानधन घेतलं नाही.

मी शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे माझा जीव अडकलाय तो या चर्चच्या आराखड्यात. घरात कंपास असेल तर काढूनच बघा. एक आडवी रेघ घ्या. तिच्या वर एक आणि खाली एक असे दोन समभुज त्रिकोण काढा, दोघांचा पाया तीच रेघ. प्रत्येक त्रिकोणात आत बसणारं वर्तुळ काढा. आता कंपासचं टोक त्या रेघेच्या एका टोकावर ठेवून दोन्ही वर्तुळांना बाहेरून जोडणारा कंस काढा, मग दुसऱ्या टोकावर ठेवून तसाच दुसरा. एक नितळ अंडाकृती तयार होते. तीच वरच्या घुमटाची कड. पवित्र त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांच्या एकरूपाला, वाहिलेल्या पंथासाठी हा माणूस त्रिकोणातून चर्च उभं करतो! व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात त्याची शिसपेन्सिलीने काढलेली रेखाटनं आहेत, त्यांत हे त्रिकोण आणि वर्तुळं दिसतात. नववीच्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते तेव्हा वर्गातली चुळबुळ थांबते, हे मी छातीठोकपणे सांगते.

पण कागदावरची ही भूमिती आत शिरल्यावर लगेच ओळखू येत नाही. खाली 16 खांब आहेत आणि त्यांच्यामधून भिंत आत-बाहेर वळत जाते. खांबांच्या डोक्यावरून फिरणारी कॉर्निसची जाड पट्टी मात्र कुठेही तुटत नाही, तिच्यामागोमाग नजर आपोआप गोल फिरते. मग मान वर जाते. घुमटाच्या आतल्या बाजूला क्रॉस, अष्टकोन आणि षटकोन एकमेकांत गुंतवून खोलगट खण केलेत. माथ्याकडे जाताना ते लहान लहान होत जातात, त्यामुळे घुमट आहे त्यापेक्षा उंच भासतो. घुमटाच्या बुडाशी खिडक्या आहेत, पण त्या पानांच्या नक्षीच्या कड्याआड लपवल्यात. खालून खिडकी दिसत नाही, उजेड तेवढा दिसतो, आणि एवढा जड घुमट खांबांना न टेकता वर तरंगतोय असं वाटतं. सगळं जवळजवळ पांढरं. विटा, चुना, गिलावा. सोन्याने नव्हे, उजेडाने सजवलेलं.

मठाचे कारभारी फ्रा हुआन दे सान बुएनाव्हेन्तुरा यांनी या बांधकामाची हकीकत लिहून ठेवलीय. गवंड्याची थापी, सुताराची करवत, पाथरवटाची छिन्नी, लोहाराची कानस, सगळ्यांचे हात बोरोमिनी स्वतः उभा राहून वळवायचा, त्यामुळे काम उत्तम झालं आणि खर्च मात्र वाढला नाही, असं ते सांगतात. परदेशातून येणारे लोक चर्चचे नकाशे मागायला मठात यायचे, हेही त्यांनी नोंदवलंय. कमी पैशात चांगलं काम होतच नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत वाचायला द्यावी असं मला वाटतं.

मठाच्या आतला छोटा उघडा चौक तर बहुतेक लोक बघतच नाहीत. तो खरं तर चर्चच्या आधी बांधला, चर्चचा पायाच 1638 मध्ये घातला गेला. चौकाच्या चार कोपऱ्यांना कोपराच ठेवलेला नाही, भिंत तिथे हलकेच पुढे फुगलीय. वरच्या मजल्याच्या कठड्याजवळ जरा थांबा. कठड्याचे बुटके दांडे नीट पाहिलेत तर एकाचं पोट खाली आहे, शेजारच्याचं वर. एक सुलट, एक उलट, असे सगळे. साचा एकच, वरचा खर्च शून्य, आणि साधा कठडा जिवंत होतो. या एका कठड्यासाठी मी बोरोमिनीला शंभर गुन्हे माफ करीन.

रस्त्याकडचा दर्शनी भाग मात्र पंचवीसेक वर्षं रखडला. पैसे जमले तेव्हा बोरोमिनी म्हातारा आणि खचलेला होता. तरी त्याने दगडाची भिंत लाटेसारखी वळवली, बाजूला आत आणि मधोमध बाहेर. 1667 च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वरचा मजला त्याच्या मागे पुतण्याने, बेर्नार्दो कास्तेल्लीने पुरा केला. खरं सांगते, वरचं ते मोठं अंडाकृती पदक आणि ते उचलून धरणारे देवदूत मला जड वाटतात. खालच्या मजल्याची लय वर सापडत नाही.

त्याच रस्त्याने दोन-तीन मिनिटं चाललं की बर्निनीचं सान्तांद्रेआ अल क्विरिनाले लागतं. तेही अंडाकृती, तेही छोटं, पण रंगीत संगमरवर आणि सोन्याने भरलेलं, कारण त्यामागे रोमच्या बड्या पाम्फिली घराण्याचा पैसा होता. ते सुंदर नाही असं मी म्हणणार नाही. पण तिथे शिरल्या शिरल्या सगळं कळतं. सान कार्लिनोमध्ये एक भिंत समजेपर्यंत दुसरी वळलेली असते.

आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये रोमला मिळतात एक-दोन दिवस. कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीच्या कारंज्यात नाणं टाकणं, झालं. त्रेव्हीपासून सान कार्लिनो दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, आणि आत जायला तिकीट नाही. दुपारी बंद असतं, म्हणून सकाळी जा. समोरच्या फुटपाथवरून दर्शनी भाग पाहून घ्या, चर्चच्या बाजूने गाड्यांच्या वर्दळीत मान वर करून काही दिसत नाही. आत गेलात की बाजूच्या दाराने चौकात जा, आणि वरच्या कठड्याकडे बघायला विसरू नका.