फरशीवर झोपल्याने मूळपेशींचं हाड होत नाही

हा मेसेज ग्रुपवर आला की मी पुढे सरकत होतो. पण साताऱ्याच्या मावशीने तो खरा मानला. गादी माळ्यावर टाकली, शहाबादी फरशीवर चटई घालून झोपायला लागली आणि ठिसूळ हाडांसाठी चालू असलेली आठवड्याची गोळीही बंद केली. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा : 'कठीण पृष्ठभागावर स्टेम सेलचं हाड होतं, मऊ पृष्ठभागावर चरबी. अमेरिकेत सिद्ध झालंय, नोबेलही मिळालंय. गादी सोडा, फरशीवर झोपा, महिन्याभरात हाडांची औषधं बंद करा.' स्टेम सेल म्हणजे मूळपेशी, ज्यांच्यापासून हाड, चरबी, स्नायू अशा वेगवेगळ्या पेशी बनू शकतात.

आधी औषधांचं, कारण घात तिथेच आहे. हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत. बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं ते फ्रॅक्चर झाल्यावर. त्यामुळे गोळी सोडली तरी महिनाभर काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही आणि मेसेज खरा ठरल्याचा भास होतो. त्यात मावशीच्या वयाच्या बाईने रात्री अंधारात जमिनीवरून उठायचं, तोल गेला तर खुबा मोडायचा. असला सल्ला पुढे ढकलताना कुणालाच हे सुचलं नाही?

आता ते 'सिद्ध' झालेलं. 2006 साली 'सेल' या नियतकालिकात एंगलर, सेन, स्वीनी आणि डिशर यांचा पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातला शोधनिबंध आला. त्यातले शामिक सेन आज पवईच्या आयआयटीत प्राध्यापक आहेत. काम अस्सल आहे, हे मान्य करतो. माणसाच्या अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या, मूळपेशी त्यांनी कोलॅजन हे प्रथिन लावलेल्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे 0.1 ते 1 किलोपास्कलच्या (हे कडकपणा मोजायचं एकक) जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागल्या, 8 ते 17 वर स्नायूंच्या वळणावर गेल्या आणि 25 ते 40 वर हाडाच्या. मऊवर चरबी होते, असं या प्रयोगात कुठेही निघालेलं नाही.

आणि यातलं 'कठीण' किती कठीण? कॅल्शियम साचण्याआधीच्या कोवळ्या हाडाइतकं. बोटाने दाबलं तर दबेल असं. शहाबादी फरशीशी त्याचा काही संबंध नाही.

पेशी पृष्ठभागाला चिकटते, आतल्या मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर त्याला ओढते आणि तो किती ताणला जातो यावरून कडकपणा ओळखते. मायोसिन औषधाने बंद पाडलं की हा परिणाम दिसत नाही. ही ओढ फार खोल पोचत नाही. जेलचा थर केसाच्या जाडीइतका असला तरी त्याखालची काच पेशीला कळत नाही. मग चटई, कातडी, चरबी, स्नायू आणि हाड ओलांडून मज्जेतल्या पेशीला खालची फरशी कळणार कशी? मेसेजचा दावा इथेच कोसळतो.

नुसत्या कडकपणाने हाड होत असतं, तर प्रयोगशाळांमध्ये प्लॅस्टिकच्या बशीत वाढणाऱ्या या सगळ्या पेशींचं केव्हाच हाड झालं असतं. ते प्लॅस्टिक त्या जेलपेक्षा हजारो पटींनी कडक असतं. तरीही हाड हवं असेल तर डेक्सामेथासोनसारखी रसायनं घालून आठवडे थांबावं लागतं.

नोबेलचं एका ओळीत : 2012 चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना, तयार पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेता येतात या शोधासाठी मिळालं. या विषयाला नोबेल मिळालेलं नाही.

राहिला अर्धा खरा मुद्दा. हाडांना भार लागतो, हे खरं. अंतराळात भार नसतो, म्हणून अंतराळवीरांची हाडं झिजतात. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांचंही तेच होतं. पण हा भार चालण्याचा, जिना चढण्याचा, वजन पेलण्याचा. आडवं पडलं की तो उतरतो, मग खाली गादी असो की दगड. चालणं वाढवायचं तर तेही डॉक्टरांना विचारून.

ज्यांनी हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी तो सगळ्यांसाठी डिलीट करावा. आणि ज्यांना ज्यांना पाठवला, त्यांना स्वतः फोन करून विचारावं, गोळी चालू आहे ना?