फास्टनमधला टी

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

ट्रेनिंगच्या वर्गात आमच्यातली एक मुलगी सुरक्षेच्या सूचना मोठ्यानं वाचत होती. 'फास्टन युवर सीट बेल्ट' असं तिनं वाचलं आणि शिकवणारे साहेब सगळ्यांसमोर हसले. "अहो मॅडम, फासन! टी सायलेंट असतो, शाळेत सांगितलं नाही का कुणी?" मग अर्धा वर्ग हसला. तिचं बोट त्या ओळीवरच होतं. दोन क्षणांनी तिनं कागद शेजारच्याकडे सरकवला. दिवसभर पुन्हा तोंड उघडलं नाही.

मान्य, आजचा उच्चार फासन आहे, कामावर तोच लागणार. पण हसायचं काय कारण?

तो टी काही तिच्या मनचा नव्हता. जुन्या इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं. जर्मन भाषेत आजही 'फेस्ट' म्हणजे तेच. त्यापासून फासन, म्हणजे पक्कं करणं, बांधणं. मुळात हा टी उच्चारातही होता. पुढे एस आणि एनच्या मध्ये सापडून बोलण्यातून गळाला, लिहिण्यात राहिला. जो आवाज त्या शब्दात शेकडो वर्षं होता, तोच तिच्या तोंडून आला. आणि अडाणी ठरली ती!

खरं तर किती गोड शब्द आहे हा. कापडावर 'फास्ट कलर' लिहिलेलं असतं ना, तो हाच फास्ट, पक्का रंग. उपवासाचा फास्टही इथलाच, नेम घट्ट धरून राहणं. तो मोडला की ब्रेकफास्ट. आणि वेगाचा फास्ट? आधी 'घट्ट', मग 'जोर लावून', मग जोर लावून धावणारा तो वेगवान, असा अर्थ सरकत गेला. साहेबांनी यातलं एवढंसं जरी सांगितलं असतं, तरी वर्गातल्या एकालाही तो उच्चार पुन्हा सांगावा लागला नसता. ती मुलगीही पुढची ओळ वाचत राहिली असती.

पण नाही, आपल्याकडे इंग्रजी चुकलं की माणूसच कमी ठरतो. याचाच मला संताप येतो. लिसनमधला टी तर मुळात नव्हताच, दुसऱ्या एका शब्दाच्या नादानं स्पेलिंगमध्ये घुसला. म्हणजे ज्या स्पेलिंगवरून आपण पोरांना रडवतो, ते इंग्रजांनीच असं वेडंवाकडं करून ठेवलंय.

आणि ऑफन? त्यातला टीसुद्धा असाच गळाला होता. आज इंग्रजी मातृभाषा असलेले कितीतरी लोक 'ऑफ्टन' म्हणतात, शब्दकोशांत दोन्ही उच्चार दिलेले असतात. त्यांना हसायला मात्र कुणी पुढे येत नाही.