जोतं बुडवा, सुखी व्हा

इंग्लंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचं टेरेस्ड, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेलं रांगेतलं घर घेतलंत, अभिनंदन! आता खालच्या मजल्याची लाकडी जमीन लवकरात लवकर कशी कुजवायची ते बघू. काम अवघड नाही, फक्त अंगणावर खर्च करायची तयारी हवी.

या घरांची जमीन अधांतरी असते. भिंतीत टेकवलेल्या तुळया, म्हणजे जॉइस्ट, त्यांवर फळ्या आणि खाली पोकळी. पोकळीत हवा खेळावी म्हणून पुढच्या-मागच्या भिंतींत तळाशी भोकाभोकांच्या विटा बसवलेल्या असतात, 215 बाय 65 मिलिमीटरच्या. या एअर ब्रिक. त्यांच्याच आगेमागे, ओल वर चढू नये म्हणून विटांच्या थरांत स्लेटचा किंवा डांबराचा पट्टा असतो, त्याला डीपीसी म्हणतात. बाहेरची जमीन या पट्ट्याच्या किमान 150 मिलिमीटर खाली असावी लागते. हे 150 मिलिमीटर म्हणजे तुमचं भांडवल. ते कसं उडवायचं, एवढाच प्रश्न आहे.

मागे पॅटिओ, म्हणजे फरसबंद अंगण, घाला. दगड राजस्थानचा सँडस्टोनच घ्या. तो इथे सगळीकडे मिळतो, आणि मायदेशाच्या दगडाने घर बुडवल्याचं समाधान काही वेगळंच. जुनं काँक्रीट उखडायचं तर कंत्राटदार स्किपचे, म्हणजे राडारोडा नेणाऱ्या मोठ्या पेटीचे, पैसे मागेल. कशाला द्यायचे? त्यावरच 40 मिलिमीटर मॉर्टर आणि 22 मिलिमीटरची फरशी टाकायला सांगा. 62 गेले, 88 उरले. पण हे भित्र्यांचं काम. खरा हिंमतवान माती न उकरताच 100 मिलिमीटर खडी दाबतो, वर 40, वर 22. एकूण 162. पट्टा 12 मिलिमीटर गाडला गेला आणि भांडवल व्याजासकट संपलं.

उतार घराकडे ठेवायला विसरू नका. विघ्नसंतोषी लोक सांगतील की तो घरापासून लांब जाणारा हवा, 1:80 ते 1:60, म्हणजे मीटरला साडेबारा ते सतरा मिलिमीटर. त्यांचं ऐकलंत तर पाणी अंगणातच फिरेल आणि एअर ब्रिकमधून आत जायची त्याची संधी हुकेल. पुढच्या अंगणाचं तर सरकारनेच सोपं करून ठेवलंय. 1 ऑक्टोबर 2008 पासून इंग्लंडमध्ये 5 चौरस मीटरपेक्षा जास्त पुढचं अंगण पाणी न मुरणाऱ्या फरसबंदीने झाकून ते पाणी रस्त्यावर सोडायचं असेल, तर परवानगी लागते. भिंतीकडे सोडायला कोण विचारतंय? शोषखड्डा इमारतीपासून किमान 5 मीटर लांब हवा म्हणतात, पण तेवढं लांब खणण्यात पाठ कशाला मोडायची?

हिवाळ्यात पायांना गार वारा लागला की एअर ब्रिकमध्ये वर्तमानपत्र कोंबा. तुळयांमध्ये जाळीवर खनिज लोकर बसवली, तर भोकं उघडी ठेवूनही पाय गरम राहतात. पण त्यासाठी फळ्या उचकटाव्या लागतात. उंदरांची भीती असेल तर 5 मिलिमीटरची स्टीलची जाळी पुरते, पण सिमेंट लिंपलं की उंदीर आणि हवा, दोघांचाही बंदोबस्त एकदम. मागे काँक्रीटच्या जमिनीची नवी खोली बांधताना तिच्याखालून 100 मिलिमीटरचे पाइप नव्या भिंतीपर्यंत नेऊन हवेची वाट चालू ठेवायची असते. तो सगळा खर्च वाचवा. आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायलाच जागा नाही, म्हणजे ती घरातच मुक्काम करेल. पाहुणचार म्हणतात तो हाच.

आपलं काम नीट होतंय का, हे बघायला वारा असेल त्या दिवशी एअर ब्रिकसमोर उदबत्ती धरा. वाऱ्याच्या बाजूला धूर आत ओढला गेला तर अजून मेहनत बाकी आहे. सरळ वर गेला तर जमलं! लाकडातली ओल बराच काळ 20 टक्क्यांवर राहिली की बुरशी लागते, आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं आधी जातात. ड्राय रॉट आला तर बक्षीसच समजा. लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकतं, आसपास तांबूस भुकटी दिसते, आणि ही बुरशी विटांच्या भिंतीतूनही पुढच्या लाकडाचा माग काढते.

एवढ्यात भिंतीवर पोपडे दिसतील. ओल घालवणाऱ्या कंपनीच्या मोफत तपासणीवाल्याला बोलवा. तो भिंतीत भोकं पाडून रासायनिक पट्टा भरेल आणि वर पॅटिओचं कौतुक करून जाईल. पॅटिओ त्या नव्या पट्ट्याच्याही वर आला, तर ओल त्याच्या डोक्यावरून आत येते.

दुसरा कुणी अरसिक भेटेल. तो भिंतीलगत दोन-तीनशे मिलिमीटर रुंदीची फरशी कापून चर खणायला सांगेल. जुन्या घरांचा पाया उथळ असतो म्हणून त्याखाली न जाता. तळाशी 100 मिलिमीटरचा छिद्रांचा पाइप, भोवती कापड, वर 20 मिलिमीटरची स्वच्छ खडी, आणि खडीचा माथा डीपीसीच्या 150 मिलिमीटर खाली. जिथे जमीन उतरवताच येत नाही तिथे उभ्या, सरकत्या नळीने एअर ब्रिकचं बाहेरचं तोंड वर घ्या म्हणेल. शिवाय दर शरद ऋतूत खडीतला पाला काढा! एवढा उपद्व्याप करायला घर घेतलं का?

कोपऱ्यात जमीन पायाखाली दबायला लागली की जाड कार्पेट घाला आणि घर विकायला काढा. लेव्हल 2, म्हणजे घर घेण्याआधीच्या मधल्या पातळीच्या तपासणीत सर्व्हेअर जड सोफा हलवत नाही, बसवलेलं कार्पेटही उचलत नाही. बाहेरून एअर ब्रिक मात्र तो बघतोच, म्हणून तिथे लव्हेंडरच्या दोन मोठ्या कुंड्या ठेवा.