चॉकलेट खाणाऱ्या मामाचं उत्तर

"मामा, युद्धात कायचे नियम? तुम्ही तिथं बसून चॉकलेट खा." नागपूरहून भाच्यानं घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. वाद एवढाच होता, की शत्रूकडची साधी माणसं मेली तर हळहळायचं की नाही. मी जिनिव्हात राहतो, म्हणून मला हळहळ परवडते, असं त्याचं म्हणणं.

चॉकलेट मी खात नाही, शुगर आहे. राग आला तो 'कायचे नियम'चा.

भाच्याच्या डीपीवर शिवाजी महाराज आहेत. चिपळूणजवळच्या छावणीला त्यांनी पाठवलेलं पत्र त्यानं वाचलेलं नसावं. दाणावैरण पुरवून वापरा, नाहीतर पावसाळ्यात रयतेला ओरबाडाल आणि लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवत पेटेल. यात जिनिव्हा कुठं आलं?

आणि युद्धाचे नियम सांगणारे जिनिव्हा करार तरी कुठं म्हणतात युद्ध करू नका? लढणाऱ्यावर गोळी चालवा, न लढणाऱ्याला मुद्दाम टिपू नका, एवढंच. १९४९ च्या चार करारांतला चौथा नागरिकांसाठी आहे. भारतानं ते मान्य केले, १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला. १९७७ चा पहिला प्रोटोकॉल, म्हणजे त्या करारांची पुरवणी, मात्र आपण स्वीकारला नाही. लष्करी फायद्याच्या मानानं नागरिकांची हानी फारच होणार असेल तर हल्ला करू नका, हे त्यात लिहिलंय. नारिंगीवर निळा त्रिकोण ही नागरी संरक्षणाची खूणही त्यातलीच. ती आपल्याकडे सर्रास वापरतात, आणि देशाला नागरी संरक्षण शिकवणारं कॉलेज नागपूरच्याच सिव्हिल लाइन्समध्ये उभं राहिलं. भाचा रोज त्याच बाजूनं गाडी उडवत जातो.

इथं फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडला धोक्याचे भोंगे चाचणीसाठी वाजतात, कोणी मान वर करत नाही. आमच्या इमारतीच्या अब्रीला, म्हणजे खालच्या बंकरला, वीतभर जाड दार आहे, आत शेजाऱ्यांच्या स्की आणि वाईन. मी जरा तोऱ्यातच लिहिलं, "स्वित्झर्लंडमध्ये माणशी एक जागा आहे बंकरमध्ये."

"आणि शस्त्रं नाही विकत का तुमचे स्विस?"

विकतात. मी विषय बदलला.

बदलायलाच हवा होता. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तोफगोळ्यांची कवचं गेज लावून तपासायचे, केसभर फरक पडला तरी नग बाद. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातून भरली गेली. बोनस झाला की घरी संत्रा बर्फी यायची. ते कवच पुढं कुठं पडणार, हे कधी कोणी विचारलं नाही. मीही नाही. 'फारच हानी' मोजायचं गेज मात्र त्या प्रोटोकॉलमध्येही नाही. हल्ल्याचा हुकूम देणाऱ्यानं तेव्हा बांधलेला अंदाज, तोच हिशेब.

शेवटी मी लिहिलं, "आपल्या सैन्यातही हे नियम शिकवतात, विचार एखाद्या फौजीला."

"आपल्या म्हंजे कोणाच्या, मामा?"

स्विस नागरिकत्वाचा अर्ज टेबलावर अर्धा भरलेला पडलाय, हे त्याला ताईनं सांगितलं असणार. मी अजून उत्तर दिलेलं नाही. बाबा ग्रुपवर काही लिहीत नाहीत, फक्त वाचतात. त्यांच्या निळ्या खुणा आल्यात.