अंकल, मॅडमको चाहिए क्या?

भाव मी विचारला आणि उत्तर काकांना मिळालं.

काका माझे कोणी नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दुकानात शेवटपर्यंत कोणालाच ते पटलं नाही. मुंबईत कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार भरतो त्या लॅमिंग्टन रोडवरचं दुकान, म्हणजे एक काउंटर, मागे छताला टेकलेले खोके, आणि पुढे चार माणसं उभी राहिली की पाचव्याने फुटपाथवर थांबायचं. मी आणि काका शेजारी शेजारी उभे होतो, एवढंच आमचं नातं. ते आले होते प्रिंटरची शाई भरून घ्यायला, कापडी पिशवीत पेपरमध्ये गुंडाळलेलं काळं कार्ट्रिज घेऊन. मी आले होते नव्या कॉम्प्युटरच्या पार्टांची यादी घेऊन. मालकाने आमच्याकडे एकदा पाहिलं, मनातल्या मनात आमचं लग्न लावलं की मला त्यांची मुलगी करून टाकलं ते त्यालाच माहीत, आणि म्हणाला, "हां अंकल, मॅडमको चाहिए क्या?"

आता माणूस म्हणेल की बुवा मी यांना ओळखत नाही. काका म्हणाले, "काय पाहिजे तुम्हाला?"

तर मला काय पाहिजे होतं ते थोडक्यात. मी घरून डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायची कामं घेते. जुन्या पीसीत इंटेलचा सातव्या जनरेशनचा आय5 प्रोसेसर, ठणठणीत, काही दुखणं नाही, पण विंडोज 11 ला आठव्याच्या खालचा चालत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे चालतीबोलती वस्तू घरात बसवून निवृत्त करायची. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस जुनेच, बाकी डबा चाळीस हजारांत बसवायचा असं ठरवलं आणि मग रात्री जेवणं झाली की तो एक्सेलचा तक्ता उघडून बसायचं. शेवटी एएमडी कंपनीचा रायझन 5 5600जी प्रोसेसर ठरला. सहा कोर, बारा थ्रेड आणि त्यातला तो 'जी' म्हणजे ग्राफिक्स पोटातच, वेगळं कार्ड नको. इंटेलवाल्यांचं याच्या उलट, तिथे नंबराच्या शेवटी 'एफ' दिसला की ग्राफिक्स नाही, आणि हजार रुपये वाचले म्हणून खुशीत 'एफ' घरी आणलेली माणसं मग काळ्या स्क्रीनकडे बघत बसलेली असतात. प्रोसेसर बसतो त्या खाचेला सॉकेट म्हणतात, नवीन एएम5 सॉकेटला फक्त डीडीआर5 जातीची रॅम चालते, ती परवडत नाही, म्हणून जुना एएम4, म्हणून डीडीआर4. एवढं सगळं डोक्यात पक्कं होतं माझ्या. तोंडपाठ.

मी म्हटलं, "5600जी, बी450 मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम डीडीआर4 3200, साठवणीसाठी 500 जीबी एनव्हीएमई एसएसडी."

मालक काकांना म्हणाला, "ऑफिस युज है ना? अंकल, आठ जीबी बहोत है।"

काका माझ्याकडे वळले. "ते म्हणतायत आठ पुष्कळ आहे."

मला हिंदी येतं. मुंबईत जन्म गेलाय माझा. पण काकांनी दुभाषाची गादी घेतली ती घेतलीच, मालक हिंदीत बोलणार, काका मला मराठीत सांगणार, मी काकांना मराठीत नाही, मालकाकडेच बघून हिंदीत उत्तर देणार आणि मालक ते काकांकडे बघून ऐकणार. मी म्हटलं, "भैया, ये मेरे साथ नहीं है।" मालक म्हणाला, "हां हां मॅडम," आणि काकांना म्हणाला, "सोलह का सिंगल स्टिक है अंकल, वो ले लो, दो-दो क्यूँ लगाना।"

"एकच घ्या," काका म्हणाले. "दोन घेतल्या तर दोन्ही बिघडू शकतात."

यावर काय बोलणार? मी समजावलं, का समजावलं देव जाणे, की ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात असले तरी त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं, आणि दोन पट्ट्या दोन चॅनलला असल्या तर दोन्हीकडून एकदम डेटा येतो, एक असली तर अर्धा रस्ता बंद. काकांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. मान डोलावली. मग मालकाला म्हणाले, "वो दो बोल रही है।"

ती! बोल रही है!

मालकाने काकांकडे असं सहानुभूतीनं पाहिलं, की काय करणार अंकल, घरोघरी हेच. आणि मग रॅमचा भाव सांगितला. 2025 च्या उन्हाळ्यात बऱ्याच स्वस्तात मिळत होती ही सोळा जीबी, तो सांगत होता त्याच्या दुप्पट-तिप्पट. इथे मात्र मालकाला दोष नाही, सगळीकडे तेच होतं. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीन, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये आपल्यासारख्यांसाठीचा क्रुशल ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. मला याचा राग जरा जास्तच येतो. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दिवाळीत कथासंग्रहाचं कव्हर एआयकडून करून घेतलं, फुकट. त्यात शीर्षकातली जोडाक्षरं फुटली होती, ती "जरा बघ ना, दोन मिनिटांचं काम" म्हणून माझ्याकडे आली, तीही फुकटच. म्हणजे काम त्याने न्यायचं, दुरुस्ती मी करायची आणि वर त्याच्या रॅमचे पैसेपण मीच भरायचे. असो. हसण्यावारी न्यायचं म्हणते पण नेववत नाही.

"अहो आमच्या ऑफिसात 98 साली कॉम्प्युटर आला," काका सांगत होते, "बत्तीस एमबी रॅम. अख्खी ब्रँच चालायची."

मालक खूश झाला. दोघांनी पेंटियमच्या आठवणी काढल्या. पोऱ्या तेवढ्यात बोर्ड आणायला शेजारच्या दुकानात गेला होता, कारण इथे कुठल्याही दुकानात सगळा माल कधीच नसतो, तुमच्यासमोर "है ना, अपने पास है" म्हणतात आणि पोऱ्या मागच्या मागे गल्लीत पळतो. तो येईपर्यंत मालकाने मला एक कॅबिनेट दाखवलं. मला म्हणजे खरंच मला, त्या दिवसात पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून. पांढरं, पुढे काच, आत तीन पंखे गुलाबी-जांभळे लुकलुकतायत. "मॅडम, ये लेडीज लोगको बहोत पसंद आता है। साथ में 450 वॅट का एसएमपीएस फ्री।"

तो फुकटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा भाग, मी हातात घेतला. रिकाम्या डब्याइतका हलका. बाहेर स्टिकरवर 450 लिहिलंय, पण खरी ताकद 12 व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर मिळतात त्यात असते आणि तो रकाना नेमका नव्हताच. मी म्हटलं, हा फारच हलका आहे, मला 80 प्लस ब्राँझवाला, म्हणजे वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला वेगळा हवा, अर्ध्या लोडवर 85 टक्के तरी वीज कामाला लागते, आणि हा असला उडाला तर जाताना बोर्डाला घेऊन जातो.

मालकाने काकांकडे पाहिलं. काकांनी डबा हातात घेऊन तोलला आणि गंभीरपणे म्हणाले, "हलका है।"

"ठीक है अंकल, वेगळा देता," मालक म्हणाला. लगेच! मराठीत!

म्हणजे वजन मी सांगितलं तेव्हा ते हवेत गेलं आणि काकांनी सांगितलं तेव्हा ते किलोत मोजलं गेलं. विशेष काही नाही म्हणा, गॅरेजमध्ये हेच, बँकेत लोन काढताना हेच. "मिस्टर नाही आले?" आमचे मिस्टर घरी होते, आणि त्यांना वायफाय गेलं की राउटरला चापट मारायची एवढंच तंत्रज्ञान येतं, पण ते नुसते येऊन उभे राहिले असते तर मला कदाचित खुर्ची मिळाली असती. काकांना मिळाली होती. प्लॅस्टिकची, लाल.

सगळं जमून आलं ते चाळीस हजार तीनशे चाळीस. मी म्हटलं, वरचे तीनशे चाळीस सोडा. "नहीं होता मॅडम, मार्जिनही नहीं है, रॅम का हाल देखा ना।" बरं. मी खोक्यांवरचे सिरियल नंबर एकेक करून फोनमध्ये टिपत होते, प्रोसेसरच्या खोक्याचं सील नखाने चाचपत होते, तेवढ्यात मागे आवाज आला, "अंकल, बिल पे नाम?"

आणि काकांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांच्या नावासकट. मोबाइल नंबरही दिला, दोनदा, नीट ऐकू यावं म्हणून.

मी वळेपर्यंत प्रिंटर करकरून थांबला होता. मी अर्थातच बोलले, बरंच बोलले. मालक म्हणाला, "मॅडम, वॉरंटी सिरियल नंबर पे होता है, नाम से क्या फरक पडता है।" फरक पडत नाही तर माझं घाल ना मग! तर म्हणे जीएसटी बिल आहे, एकदा निघालं की निघालं. तर आता बोर्डाची, रॅमची, प्रोसेसरची सगळी वॉरंटी एका अनोळखी माणसाच्या नावावर माझ्या कपाटात आहे. "असू द्या हो ताई," काका म्हणाले, "काही झालं तर बिनधास्त फोन करा मला."

तोवर पोऱ्याने त्यांचं कार्ट्रिज भरून आणलं. काकांनी खिशातून पाकीट काढलं. मालकाने दोन्ही हात जोडले. "रहने दो अंकल, इतना बडा बिल किया आपने। आपसे क्या पैसा लेना।"

काकांनी आढेवेढे घेतले, पाकीट ठेवलं, कार्ट्रिज पुन्हा पेपरात गुंडाळलं आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, "बघा, दुकानदाराशी ओळख असली की असं असतं."