ओरिजिनल मांजर

आपली वस्तू नकली आहे हे सरकारी माणसाला पटवून देण्याची वेळ कुणावर येऊ नये. माझ्यावर आली. कैरोच्या विमानतळावर, आणि तीही आमच्याच टूरमधल्या एका काकांच्या कृपेने.

वस्तू म्हणजे बास्तेत, प्राचीन इजिप्तची मांजरदेवी. वीतभर उंच, काळीभोर, ताठ बसलेली, कानांत सोनेरी बाळ्या. खान अल-खलिली बाजारात अशा मांजरी, कोल्हेतोंडे अनुबिस देव आणि नेफरतीती राणीची मुंडकी फळ्या भरभरून मांडलेली असतात. एक्स-रेत काहीतरी घट्ट दिसलं म्हणून बॅग उघडली, अधिकाऱ्याने मांजर उचललं आणि विचारलं, "स्टोन?"

"नो, रेझिन."

रेझिन म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणारं प्लास्टिकसारखं रसायन. विषय इथेच मिटला असता. पण मागून गर्जना झाली, "नो नो सर! ओरिजिनल! फुल ओरिजिनल! फाइव्ह थाउजंड इयर्स!"

मग मला, दबक्या आवाजात, म्हणजे शेजारच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतक्याच, "अरे, नकली कशाला सांगतोस? परदेशात आपली वस्तू हलकी करून सांगू नये. मान ठेवत नाहीत."

"काका, ओरिजिनल निघाली तर आत टाकतात."

"कोण टाकतंय? फुकट घेतली का? पैसे मोजलेत!"

पैसे मोजणं हाच तर गुन्हा. इजिप्तच्या 1983 च्या 117 क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंची खरेदी-विक्रीही बंद आणि देशाबाहेर नेणंही बंद. म्हणजे दुकानदार "खरी पुरातन आहे" म्हणाला तर एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर तुम्ही दोघेही तुरुंगात जाताय. तिसरी शक्यता नाही. हे मी काकांना सांगेपर्यंत त्यांनी माझ्या पासपोर्टातून डोकावणारी दुकानाची पावती उपसली होती. "हे बघा, लिहिलंय! अँटिक बसाल्ट!"

लिहिलं होतं खरं. दुकानदार सगळ्यांनाच लिहून देतो, त्यात त्याचं काय जातं? अधिकाऱ्याचा चेहरा मात्र बदलला. त्याने फोन उचलला आणि पुरातत्त्व खात्याच्या बाईंना बोलावणं गेलं. दुष्काळात तेरावा महिना.

आता, बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. महाराष्ट्रातला जवळजवळ अख्खा सह्याद्री त्याचा. ज्या माणसाच्या घरचा पाटा-वरवंटा बसाल्टचा, त्याला बसाल्ट ओळखू येऊ नये? दगड हातात घेतला की बराच वेळ गार राहतो, रेझिन लगेच कोमट होतं. तेवढ्याच आकाराच्या दगडाच्या जेमतेम निम्मं वजन भरतं. नखाने टिचकी मारली तर दगड खणखणतो, रेझिन नुसतं ठक् करतं. या मूर्ती बनतात कशा, तर पॉलिएस्टर रेझिनमध्ये चुनखडीची पूड कालवायची, एक-दोन टक्के हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, टाकायचा आणि रबराच्या साच्यात ओतायचं. हार्डनर जास्त झाला तर मूर्ती तापून तडकते, कमी पडला तर चिकट राहते. घाईने ढवळलं की हवेचे बुडबुडे अडकतात. साच्याच्या जोडाची रेघ कानामागून मानेवरून खाली उतरते. ती घासून वर रंग मारतात, पण उजेडात तिरकी धरली की दिसतेच. आणि बुडाला हिरवं फेल्टचं कापड चिकटवलेलं असतं, ते टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून कमी आणि खालची पांढरी पोकळी झाकायला जास्त.

मी हे सगळं बाईंना इंग्रजीत सांगत होतो आणि काका प्रत्येक वाक्यानंतर "ही इज जोकिंग" म्हणत होते.

गंमत अशी की खऱ्या मांजरीचाही एक्स-रे निघालेला आहे. ज्या कांस्य मांजरीच्या या सगळ्या नकला, ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असते. उंची 42 सेंटीमीटर, कानांत आणि नाकात सोन्याच्या बाळ्या. गेयर-अँडरसन नावाच्या ब्रिटिश मेजरकडून ती तिथे आली. एक्स-रेत दिसलं की तिच्या अंगाभोवती जवळजवळ सगळीकडून भेग गेलीय आणि आतून आधार दिलाय म्हणून डोकं जागेवर आहे. मेजरसाहेब हौशी दुरुस्तीकार होते. कैरोत इब्न तुलून मशिदीला लागून त्यांचं घर आहे, आता संग्रहालय. तिथेही मांजरीची नक्कलच ठेवलीय. तिला कुणी तपासणीला घेत नाही.

बाईंनी शांतपणे फेल्टचा कोपरा उचलला, किल्लीने बुडावर एक रेघ ओढली. पांढरी पूड पडली, मोहरीएवढे बुडबुडे दिसले. पायथ्यावरची चित्रलिपी पाहून त्या हसल्या. एका ओळीतली पाखरं साधारणपणे एकाच दिशेला तोंड करतात, माझ्याकडची एकमेकांशी भांडत होती. शिवाय नावाभोवती राजालाच शोभणारी लांबट चौकट, आत निरर्थक खुणा. मूर्ती परत देताना एक बाळी गळून पडली.

"बघा! एवढी जुनी वस्तू अशी हाताळतात?" काका म्हणाले.

बाळी माझी मलाच चिकटवावी लागणार. फेव्हिक्विक वापरू नये, त्याच्या वाफेने काळ्या रंगावर पांढुरकी बुरशी आल्यासारखी दिसते. अराल्डाइटची दोन्ही नळकांडी सारख्या मापाने मिसळून आगपेटीच्या काडीच्या टोकाने लावायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. फक्त नकली मूर्तीलाच हं. 2014 मध्ये तुतनखामून राजाच्या खऱ्या सुवर्णमुखवट्याची दाढी निघाली, ती इपॉक्सीने, म्हणजे अराल्डाइटच्याच जातीच्या गोंदाने, चिकटवून ठेवली, आणि पुढच्या वर्षी जर्मन तज्ज्ञांना ते इपॉक्सी खरवडून दाढी मेणाने बसवावी लागली.

विमानात काकांनी ग्रुपवर टाकायचा मजकूर मला वाचून दाखवला: 'आपल्या एका तरुण मित्राची दुर्मीळ मूर्ती विमानतळावर अडवली होती, मध्यस्थी करून सोडवली.' मग त्यांनी स्वतःचा अस्सल पपायरस, म्हणजे प्राचीन इजिप्तचा लव्हाळ्याचा कागद, काढला, ममीचं चित्र असलेला. खरा पपायरस वाकवला, गुंडाळला तरी तुटत नाही. केळीच्या सोपटाचा असतो तो घडीवर तडकतो. काकांनी तो बॅगेत मावेना म्हणून चौघडी घातली आणि वर चप्पल ठेवली. मी खिडकीबाहेर बघत होतो.